डब्याला चौदावा हात

रविवार, ९ फेब्रुवारी १९५८. सकाळी साडेदहाला अहेरीच्या शाळेतल्या प्रदर्शनात उमाजींची आगगाडी बोगद्यात शिरली आणि बाहेर आली नाही.

त्याआधीची दहा मिनिटं थाटाची होती. उमाजी लाकडाच्या डेपोत मोजणी-कारकून. एका परदेशी मासिकातलं चित्र पाहून त्यांनी चार वर्षं खपून ही गाडी घडवली होती. खऱ्या गाडीच्या फुटाला इथे दीड सूत; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा गाडी खरीच्या चौसष्टाव्या हिश्शाची. इंजिनात भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची स्प्रिंग. शिक्षणखात्याचे साहेब टेबलावर वाकून बघत होते.

"दीडच सूत का?"

"दोन सुतांची केली तर खाट आंगणात काढा लागते, जी. सूतभराची केली तर दाराची कडी बसवाले भिंग लागते. दीड सुताची डोळ्याले दिसते अन् घरातही मावते."

"आमची खाट तरी आंगणातच गेली," मागून ताराबाई, त्यांची बायको, म्हणाल्या.

"बाजारात मिळते?" साहेब म्हणाले.

"नाई ना जी! मोठी मिळते, बारकी मिळते. ह्या मापाचं चाकही भेटत नाई. सगळं आपल्याच हातानं करा लागते. मजा तीच आहे."

"म्हणजे चुकलं तर तुमचंच चुकलं."

"चुकतच नाई," म्हणत उमाजींनी चावी दिली.

फक्त बोगदा इस्तारी सुताराचा होता, अस्सल सागाचा. शाळेच्या चाळीस बाकांचं काम साहेब आज ठरवणार होते. त्यांना तुझं काम दिसेल, असं सांगून उमाजींनीच हा बोगदा त्याच्याकडून करून घेतला होता. धुतलेला सदरा घालून इस्तारी भिंतीशी उभा होता.

बोगद्यात स्प्रिंग दोनदा कुरकुरली आणि गप्प झाली. पोरंटोरं हसली. उमाजींचे कान तापले.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"सुताराचं माप चुकलं."

बोलताना त्यांना ते खरंच वाटलं होतं. निदान पुढे दिवसभर ते स्वतःला सांगत राहिले, की तेव्हा आपण खोटं बोललो नव्हतो. साहेबांनी हेडमास्तरांना "बाकं दुसऱ्याला द्या" म्हटलं आणि त्यांची जीप एटापल्लीकडे गेली.

 इस्तारीने बोगद्यात बोट घातलं. बाहेर आलं ते हिरवंगार.

"भाऊ, डब्याले रंग कवा देल्ला?"

"काल. साहेब येणार म्हणून."

"परवा तर गाडी चार खेपा आरपार गेली. याच्या आधी किती हात देले?"

डेपोत साहेब यायचे असले की खुंट्यांनाही रंग लागे. ती सवय उमाजींनी घरी आणली होती. तहसीलदार आले, एक हात. जावई आले, एक हात.

"तेरा," ताराबाईंनी सांगून टाकलं. "कालचा चौदावा. एवढा तर दिवाळीले घराले नाई देल्ला."

इस्तारीने पट्टी लावली. "बोगदा सोळा सूत. तुमी सांगतला तेवढाच. डबा पंधराचा होता. आता केवढा आहे, तुमीच सांगा."

उमाजींनी मान खाली घातली. "साहेबाले सांगतो मी. आधी गाडी काढू. बोगदा फोड."

"बरोबर आहे तो. बरोबर गोष्ट काऊन फोडू?"

दुपारी उमाजी साहेबांना गाठायला सायकलवर एटापल्लीकडे निघाले. कॅरिअरला सुतळीने बांधलेला बोगदा, बोगद्यात गाडी. जंगलखात्याच्या नाक्यावर चैतू गार्डने बांबू आडवा केला.

"साग आहे, भाऊ. न्याचा पास कुठी?"

दुसऱ्यांचे पास तपासण्यात उमाजींची पंधरा वर्षं गेली होती. स्वतःचा पास नव्हता. साहेबांना सांगायची सगळी हकीकत आधी चैतूला सांगावी लागली. तो पोट धरून हसला, मग पट्टी काढून त्याने बोगदा मोजला.

"सोळा सूत. माप बरोबर आहे," म्हणाला आणि बोगदा गाडीसकट ठेवून घेतला.

संध्याकाळी सहापर्यंतची खबर अशी की साहेबांची जीप एटापल्लीहूनही पुढे गेली आहे. बोगदा नाक्यावर आहे. उमाजी अजून रस्त्यावर आहेत, आणि दाखवायला त्यांच्याजवळ गाडी ओढून पाहताना हिरवी झालेली दहा बोटं आहेत.