सहा खोल्यांचं मशीन

आमच्या वर्गातले नाखवा गणित चालत सोडवत. म्हणजे खरोखर चालत. फरशीवर खडूने वर्तुळं काढायची, वर्तुळांमध्ये बाण, बाणांवर ए किंवा बी, आणि मग चपला काढून स्वतः पहिल्या वर्तुळात उभं राहायचं.

"बोला मास्तर, काय अक्षर?"

बटणांच्या मोबाइलचा तो काळ. पनवेलच्या एका कॉलेजात मी एम.एस्सी. गणिताला ऑटोमाटा थिअरी शिकवत होतो. नाव भारदस्त असलं तरी मूळ कल्पना साधी आहे. कागदावर काढलेलं एक यंत्र, वर्तुळं म्हणजे त्याच्या अवस्था. अक्षरांची एक माळ घ्यायची आणि एकेक अक्षर वाचत, त्या अक्षराच्या बाणाने पुढच्या वर्तुळात जायचं. माळ संपली तेव्हा आपण दुहेरी वर्तुळात असलो तर माळ मंजूर, नाहीतर नामंजूर.

नाखवा उरणचे कोळी, बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेले. बी.एस्सी. तरुणपणीच झाली होती. पुढचं शिकायचं राहून गेलं म्हणून साठी उलटल्यावर एसटीने पनवेलला येऊन पहिल्या बाकावर बसत. वर्तुळांना ते खोल्या म्हणत. दुहेरी वर्तुळ म्हणजे देवघर. तिथे पोचले की हात जोडत. काही यंत्रांत एक असं वर्तुळ असतं की त्यात शिरलं की बाहेर पडता येत नाही. तिथे पाय पडला की नाखवा ओरडत, "रुतलो मास्तर! ओहोटीचा चिखल हाय ह्यो. आता तुमी कायबी बोला, आमी इकरंच!"

"काका, होडीवाल्याला फोन लावू का?" मागून कुणीतरी विचारी.

"तुज्या होडीला भोक हाय, तू बस."

त्यांचे प्रश्न मला कधीच आधी सुचले नव्हते. एकदा म्हणाले, "या मशीनला आपून कुठनं आलो त्ये आठवतं का?"

"नाही. आत्ता कुठल्या खोलीत आहे, एवढंच त्याला ठाऊक."

ते फळ्याकडे वळले. "मंग बरं हाय बिचाऱ्याचं," म्हणाले.

शेवटच्या सेमिस्टरच्या अंतर्गत परीक्षेत मी एक सोपा प्रश्न घातला. ज्या माळेत ए सम वेळा येतो, तीच मंजूर करणारं यंत्र काढा. याला दोन वर्तुळं पुरतात, एक सम आणि एक विषम. नाखवांच्या पेपरात सहा वर्तुळं गोलाकार मांडलेली होती आणि त्यांत एक सोडून एक अशी तीन दुहेरी. माझ्या नमुना उत्तरात दोन होती. मी लाल फुली मारली आणि पुढचा पेपर घेतला.

त्या फुलीने ते नापास झाले. गुणांची यादी बोर्डावर लागली, ती नाखवांनी चष्मा लावून वाचली आणि सगळ्या वर्गाला वडापाव दिला. नापास झाल्याबद्दल वडापाव देणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

अंतिम यादी करताना सहज त्यांचा पेपर उघडला. त्या सहा वर्तुळांतून बोट फिरवलं. दोन ए दिले, मंजूर. तीन, नामंजूर. चार, सहा, आठ, सगळं बरोबर. यंत्र चालवून तपासायचं असतं, हे मी वर्षानुवर्षं घसा फोडून सांगत होतो आणि स्वतः नुसती वर्तुळं मोजून फुली मारली होती. आधीच्या वर्षांत असे आणखी किती पेपर माझ्या हातून गेले असतील, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच उरणला गेलो. नाखवा ओट्याशी कोलंबी सोलत होते. दारातूनच मी माफी मागितली.

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "दोन खोल्यांन काम झालं अस्तं. पन सहा असल्या की जरा फिराला बरं वाटतं."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"बोललो अस्तो तं पास झालो अस्तो."

त्यांनी कोलंबीचं भांडं बाजूला सरकवलं.

"पास झालो की संपला ना कोर्स. नापास झालो तं अजून एक वरीस यायला मिलंल. बायको गेल्यापासून या घरान मला हाक मारनारा कोन नाय, मास्तर. तिकरं पोरं काका काका करतान."

यादी माझ्या पिशवीतच होती. ती आहे तशी ठेवली असती तर कुणाला काही कळलं नसतं. मी पिशवीचा बंद धरून उभा होतो.

"नाखवा, उत्तर बरोबर आहे. मी ते चूक लिहून ठेवू शकत नाही."

"नका ठेवू," ते हळूच म्हणाले. "गनित हाय त्ये."

मी तिथेच खोडून गुण दुरुस्त केले आणि सही केली. त्यांचं आणखी एक वर्ष मी त्या सहीने घेतलं, तेही स्वतःचं मन हलकं करण्यासाठी. मान वर करून पाहिलं तर नाखवांनी फळीवरून दोन ताटं काढली होती आणि एक ते पंच्याने पुसत होते.

यादी आजच द्यायची आहे, असं सांगून मी निघालो. यादी सोमवारी द्यायची होती.