चिंतोपंत साळिंदर आणि पहिल्या संचाची शिंक

एका जंगलात एक संगीत नाटक पडलं. पडलं म्हणजे सपशेल पडलं, मुलांनो.

नाटकाचं नाव 'चंद्राला चिकटलेली घोरपड'. एक घोरपड उडी मारून चंद्राला चिकटते. मग तिला सुटता येत नाही. खाली तिचा प्रियकर सरडा रंग बदलत वाट बघत बसतो. एवढीच गोष्ट. पण संगीत रॉक होतं. ड्रमवर सुतारपक्षी आणि गिटारीवर तीन रातकिडे. तोवर जंगलाला हरणांच्या भावगीतांची सवय. कानठळ्या बसून ससे आजारी पडले. सातव्या प्रयोगाला अकरा प्रेक्षक होते, त्यातली चार अस्वलं झोपायला आली होती. आठवा प्रयोग झालाच नाही.

पण पडलेल्या नाटकाचं एक असतं. ते बघितलेले कमी कमी होत जातात आणि बघितल्याचं सांगणारे वाढत जातात. बारा वर्षांत 'घोरपडी'चे असे भक्त तयार झाले, की दर पौर्णिमेला शेपटीला चुना फासून जमायचे आणि सगळी गाणी एका दमात म्हणायचे. दरवर्षी कुणीतरी नव्या संचात नाटक उभं करायचं. आणि प्रत्येक संचाची तबकडी निघायची. पळसावरचे लाखेचे किडे ती करून द्यायचे.

या सगळ्या तबकड्या एकाच बिळात होत्या. ते बीळ चिंतोपंत साळिंदराचं.

चिंतोपंतांकडे माकडांचा संच होता, त्यात मध्येच सगळे भांडतात. कासवांचा होता, त्यातलं पहिलं गाणं संपायला दुपार लागते. पोपटांचा होता, तो हुबेहूब होता, अगदी मधल्या सुट्टीतल्या गप्पांसकट. चिंतोपंत प्रत्येक तबकडी डोळे मिटून ऐकायचे. संपली की डोळे उघडायचे, नाकाने हवा सोडायचे आणि म्हणायचे, "बरी आहे. पण पहिल्या संचाची सर नाही."

हे वाक्य ते इतक्यांदा म्हणाले होते, की झोपेतही म्हणायचे.

पहिल्या संचात काय होतं? तर एक शिंक होती. दुसऱ्या अंकात रंभाबाई घोरपड 'सुटू कशी मी, सांग राजसा' हे गाणं म्हणते. दुसऱ्या कडव्याआधी सगळी वाद्यं थांबतात. त्या शांततेत बारीकशी शिंक ऐकू येते. मग रंभाबाई पुढे गाते. इतर कुठल्याही संचात ती शिंक नव्हती. पोपटांच्या संचात होती, पण चिंतोपंत म्हणायचे, ती पाठ केलेली वाटते.

"ही नुसती शिंक नाही," चिंतोपंत भक्तांपुढे व्याख्यान द्यायचे. "हा चंद्रावरचा गारठा आहे! हे रंभाबाईंचं एकटेपण आहे! एका शिंकेत त्या बाईने अख्खा अंक तोलून धरलाय."

भक्तांचे डोळे पाणवायचे. रंभाबाई लग्न होऊन कधीच दुसऱ्या जंगलात गेली होती, त्यामुळे तिला विचारायची सोय नव्हती.

आता तबकडी वाजायची कशी, ते ऐका. दोन भुंगे ती गोल फिरवत. आवाजाला सुक्या भोपळ्याचा कर्णा. आणि सुई? साळिंदराला सुई शोधायला बाहेर जावं लागत नाही. चिंतोपंत पाठीवरचा एक काटा उपटायचे आणि टेकवायचे. एकदा तबकडी वाजली की काटा बोथट. पुन्हा ऐकायची तर नवा काटा. आणि रसिक माणूस एकदाच ऐकून थांबतो का?

त्यांची बायको सगुणाबाई रोज त्यांच्या पाठीकडे बघून कळवळायची.

"अहो, पाठ बघा जरा. उंदीर दिसताय उंदीर! ओढ्यापलीकडे तो भैरू बिबट्या परत आलाय. नवे काटे फुटायला पावसाळा उजाडेल. तोवर काय तबकड्या अंगावर घेऊन हिंडणार आहात?"

"अगं, तुलना केल्याशिवाय रसग्रहण होत नाही."

"करा रसग्रहण. मग तो तुमचं करेल." एवढं बोलून सगुणाबाई कंद खणायला माहेरी निघून गेली.

ती गेली आणि नारबा मुंगूस आला. हा बिळोबिळी तबकड्या पोचवायचा. स्वभावाने फार गोड. त्याला जगातली प्रत्येक गोष्ट आवडायची.

"पंत, वटवाघळांचा संच! उलटे लटकून गायलेत. वा! हुबेहूब पहिला संच!"

"मी ठरवीन ते," चिंतोपंत म्हणाले.

आणि ठरवायला बसले. एकदा वटवाघळं, एकदा पहिला संच. पुन्हा वटवाघळं, पुन्हा पहिला संच. भुंग्यांना चक्कर आली. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेव्हा सगळी सभ्य साळिंदरं झोपलेली असतात, तेव्हा चिंतोपंतांनी पाठीमागे हात नेला आणि त्यांना कळलं, की आता एकच काटा उरलाय.

त्यांनी एकदा बिळाच्या तोंडाकडे बघितलं. पण त्यांना शिंक आणखी एकदा ऐकायची होती. त्यांनी तो काटा उपटला, पहिल्या संचाच्या तबकडीवर टेकवला आणि डोळे मिटले.

रंभाबाई गायली. वाद्यं थांबली. शिंक आली.

"अरेच्चा, ही तर माझी!" बिळाच्या तोंडाशी कुणीतरी म्हणालं.

चिंतोपंतांनी डोळे उघडले. भैरू बिबट्या आत डोकावत होता. भुंगे पळाले. तबकडी थांबली. चिंतोपंतांच्या हातात एक बोथट काटा होता आणि पाठीवर वारा लागत होता.

"काय म्हणालात?" चिंतोपंतांनी विचारलं.

"ती शिंक माझी आहे. मी बछडा होतो तेव्हा. आईबरोबर पहिल्या रांगेत बसलो होतो. घोरपडीच्या अंगाला चुना फासला होता ना, तो नाकात गेला. आईने चापटी मारली. बरं, आता तुला खातो."

चिंतोपंत भीती विसरले. "शक्य नाही! ती शिंक रंभाबाईंची आहे. तो चंद्रावरचा गारठा आहे. मी बारा वर्षं त्यावर बोलतोय!"

"अरे, माझं नाक मला माहीत नसेल?"

"मग शिंकून दाखवा."

भैरूने खूप प्रयत्न केला. नुसत्या हुकमावर शिंक कुणाला आलीय? शेवटी चिंतोपंत पुढे झाले आणि त्यांनी तो बोथट काटा बिबट्याच्या नाकात घालून हळूच फिरवला.

भैरू शिंकला.

तीच! आधी तोच बारीक श्वास, शेवटी तोच घसरलेला सूर. चिंतोपंतांनी ती हजारदा ऐकली होती, त्यांची चूक होणं शक्य नव्हतं. त्यांच्या काळजाचं पाणी पाणी झालं. कसला गारठा आणि कसलं एकटेपण! बारा वर्षं ते एका बछड्याच्या नाकातल्या चुन्यावर व्याख्यानं देत होते. त्यांना रडू फुटणार होतं. आता 'हो, तुमचीच' म्हणावं आणि खुशाल मरावं, असं त्यांना मनापासून वाटलं.

पण तोंडाला वळण लागलेलं असतं. नाकाने हवा सुटली आणि तोंड म्हणालं, "बरी आहे. पण पहिल्या संचाची सर नाही."

भैरूचा चेहरा पडला. "म्हणजे?"

"सुरुवात ठीक. मध्ये जोर फार लावलात. मूळ शिंकेत एक निरागसपण होतं."

"अरे, पण ती माझीच होती!"

"असेल. तुम्हालाही ती पुन्हा जमेलच असं नाही."

भैरू तिथेच बसला. संध्याकाळपर्यंत चाळीसदा शिंकला. डोळे लाल झाले, नाक गळायला लागलं. चिंतोपंतांना खाण्याचं त्याच्या ध्यानातही राहिलं नाही. जाताना म्हणाला, "उद्या येऊ का?"

"या. रियाज करून या."

सगुणाबाई माहेरून परतली, तेव्हा बिळाच्या दारात बिबट्या नाक पुसत बसला होता आणि आतून नवऱ्याचा आवाज येत होता, "सर नाही! सर नाही!" तिने कंदांची टोपली खाली ठेवली आणि धपकन बसली.

भैरू रोज यायला लागला. पावसाळ्यापर्यंत त्याची शिंक इतकी सुरेख झाली, की एके दिवशी सगुणाबाई पुटपुटली, "अहो, ही तर पहिलीपेक्षा..."

"गप्प बस!" चिंतोपंत कुजबुजले. "जीव नकोसा झालाय का?"

त्याच दिवशी वाटेवर नारबा मुंगूस भेटला. भैरू बिळातून हिरमुसला होऊन परतत होता. नारबाला गलबलून आलं.

"काय झालं, भैरूदादा?"

"जरा ऐकतोस?" भैरूने गवताची काडी नाकात घातली आणि शिंकला.

"वा!" नारबा म्हणाला. "हुबेहूब पहिला संच! किंबहुना कांकणभर सरसच!"

भैरूच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके महिने जे ऐकायला तो तरसला होता, ते अखेर कुणीतरी म्हणालं होतं. मनावरचं ओझं उतरलं. एकदम हलकं हलकं वाटलं. आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच त्याला सणकून भूक लागली.

त्याने नारबाचे मनापासून आभार मानले आणि त्याला खाल्लं.

तात्पर्य : बाळांनो, कुणाचंही मनमोकळं कौतुक करू नये. कलावंताचं समाधान झालं, की त्याला भूक लागते.

(ही गोष्ट आवडली असेल, तर कृपया मला कळवू नका. माझी आधीची गोष्ट बरी होती, असंच म्हणा.)