मैत्रीचे विवरणपत्र, दोन प्रतींत

आमची भाची उच्च शिक्षणासाठी परदेशी गेली आणि पाचव्या आठवड्यात तिला मैत्रीण नसल्याची रीतसर नोटीस आली.

झालं होतं असं, की परदेशातून आलेले विद्यार्थी एकटे पडतात, असा अहवाल त्या विद्यापीठाला मिळाला होता. विद्यापीठ मायाळू होतं. त्याने एकटेपणावर ताबडतोब बंदी घातली. प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याने पंधरा दिवसांत एका स्थानिक विद्यार्थ्याशी मैत्री करून तिचे विवरणपत्र, मित्राच्या सहीसह, दोन प्रतींत सादर करावे. न केल्यास वसतिगृहातली खोली काढून घेण्यात येईल. एकट्या पडलेल्या माणसाला एकट्याची खोली देणे धोरणाशी विसंगत होते.

भाचीची खोली म्हणजे एक खाट, एक टेबल आणि सायकलींच्या शेडकडे उघडणारी खिडकी. पण गावात दुसरी मिळत नव्हती. ही हातची गेली असती तर गाशा गुंडाळून परतच यावं लागलं असतं. पोरगी कामाला लागली. मात्र नियम निघाल्यापासून हातात कागद घेतलेला परदेशी विद्यार्थी दिसला की स्थानिक मुलं वाट बदलायला लागली होती. पूर्वी निदान 'कसं चाललंय' म्हणायची, आता सहीच्या भीतीने तेही बंद झालं. शेवटी शेजारच्या खोलीतल्या मुलीने सामायिक फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या गोळा करून भाचीने त्याच पुरावा म्हणून जोडल्या. 'माझ्या दुधाला हात लावू नये', 'पुन्हा सांगते, हात लावू नये', अशा एकूण नऊ. त्या शेरा मारून परत आल्या: 'संबंध आढळतो, जिव्हाळा आढळत नाही.'

"मामा, आता काय करू?" तिने फोनवर विचारलं. रडवेली झाली होती.

"अगं, त्या कार्यालयात अर्ज घ्यायच्या खिडकीवर कोण बसतं?"

"एक बाई आहेत, पन्नाशीच्या. अकरा वेळा गेले, अकराही वेळा माझं नाव विचारलं."

"मग त्यांना मावशी म्हण. आपल्याकडे मावशी म्हटल्याशिवाय कुठलं काम झालंय?"

अनोळखी माणसाला नात्यात ओढून काम करून घ्यायचं, ही आपली पिढीजात विद्या. दुसऱ्या दिवशी भाचीने खिडकीत जाऊन मावशी म्हटलं. बाईंनी अर्थ विचारला. हिने सांगितलं, आईची बहीण. बाईंनी चष्मा पुसला आणि ते फाईलमध्ये लिहून घेतलं, कारण विद्यार्थ्याने तोंडी दिलेली माहिती नोंदवणं बंधनकारक होतं.

चार दिवसांत आदेश आला. विद्यार्थिनीची सख्खी मावशी गावातच राहत असल्याने ती एकटी नाही, सबब मैत्रीच्या अटीतून सूट. तसेच, गावात नातेवाईक असलेल्यांना वसतिगृह मिळत नसल्याने खोली रद्द. विद्यार्थिनीने मावशीकडे राहावे.

"हे चुकलंय हो," भाची खिडकीवर म्हणाली.

"नोंद माझ्या हातची आहे. माझी नोंद चुकत नाही," बाई म्हणाल्या. मग थोडा वेळ त्या आदेशाकडे बघत राहिल्या. "बॅगा किती आहेत तुझ्या?"

तेव्हापासून पोरगी त्यांच्याकडे राहते. दोघी मिळून बटाटे सोलतात, वरच्या साहेबांना नावं ठेवतात, आणि हिला ताप आला तेव्हा बाईंनी तेवीस वर्षांत पहिल्यांदा रजा घेतली. ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

ही गोष्ट मी सगळ्यांना सांगतो. त्या लोकांना माणुसकी नियम काढून शिकवावी लागते, आपल्या तर ती रक्तातच असते, असंही वर सांगतो. परवा पाहुण्यांना अशीच रंगवून सांगत होतो, तेवढ्यात बेल वाजली. समोरच्या बिऱ्हाडात एक परदेशी मुलगी राहते, कॉलेजात शिकायला आलेली. ती दारात उभी होती, हातात कागद घेऊन.

"काका, खोली पुढे चालू ठेवायला ओळखीच्या एका माणसाची सही लागते," ती मराठीत, शब्द जुळवत म्हणाली. "उद्या शेवटचा दिवस आहे."

दोन वर्षं ती समोर राहते, पण तिचं नाव काही मला माहीत नव्हतं. ओळख नसताना सही करणं बरं नव्हे, असं मी तिला गोड शब्दांत समजावलं. मान डोलावून ती जिना चढून वर गेली. वरच्या मजल्यावर तुम्ही राहता. तिने तीनदा बेल वाजवली. तुमच्या टीव्हीचा आवाज खालपर्यंत येत होता, तो तेवढा बंद झाला.