होडीचं वायरिंग

"मी जे खोलतो, ते डोळे मिटून परत जोडतो!"

हे वाक्य वायरमन आयुष्यात इतक्या वेळा बोलला होता, की घरातल्या पंख्यांनाही ते पाठ झालं असावं. आणि खोटं नव्हतं हो ते. मिक्सर, इस्त्री, शेजाऱ्यांची घंटी, सगळं त्याने खोललं आणि सगळं परत जोडलं. कधी एखादा स्क्रू उरायचा. "जास्तीचाच होता," म्हणून तो खिशात टाकायचा.

अशा माणसाने गेल्या वर्षी वडिलांची छोटी शिडाची होडी रंगवायला काढली. डोलकाठी उतरवली, शीड गुंडाळलं, दोर तेवढे जागच्या जागी बांधलेले ठेवून त्यांच्या मोकळ्या टोकांना रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. रंग वाळला. वर्षही वाळलं. होडी दादाच्या चष्म्याच्या दुकानामागच्या शेडमध्ये पडून राहिली.

शेवटी एका रविवारी सकाळी दादा म्हणाला, "होडी हॉटेलवाल्याला विकली. लॉनवर ठेवून तिच्यात फुलझाडं लावणार आहे तो."

"बाबांच्या होडीत फुलझाडं?"

"मग काय, चष्मे लावू?"

"मी जोडतो! आजच्या आज!"

"जोड. चार वाजता तो टेम्पो घेऊन येतोय. त्याच्यादेखत मला तळ्यात एक चक्कर मारून आण, मग नाही देणार. नाहीतर गेली."

आता दादा हा बादलीतलं पाणीसुद्धा लांबून घेणारा माणूस. तो आपणहून चक्कर मागतोय, याचा अर्थ धाकट्याच्या हातून काही होणार नाही याची त्याला शंभर टक्के खात्री होती.

बाबा गेल्यापासून त्या होडीला पाणी लागलं नव्हतं. आता लागलं असतं ते झारीने.

*

वायरमनची वही, शेवटचं पान

लाल पट्टी: शीड वर चढवायचा दोर.
हिरवी: डोलकाठीला ताण द्यायचा दोर.
पिवळी: शीड आवळायचा आणि सैल सोडायचा दोर. हा होडीत बसणाऱ्याच्या हातात.
निळी: होडी काठाला बांधायचा दोर.

चूक होणे अशक्य.

*

लाल

ओढला. शीड ढिम्म! नुकती उभी केलेली डोलकाठीच कमरेत वाकली, सासरच्यांपुढे वाकावं तशी.

हिरवी

ओढला. शीड सरसर वर!

दुसरा कुणी असता तर इथेच थबकला असता. पण वायरमन तो वायरमन. भिंतीतून आलेली तार मागे कुठे जाते ते दिसत नसतं. टोकाची खूण बघायची आणि जोडायची, हा त्याचा वीस वर्षांचा धर्म. डोळ्यांपेक्षा पट्टीवर विश्वास!

"लिहितानाच लाल-हिरव्याची गफलत झाली असणार," असं म्हणून त्याने वहीत दुरुस्ती केली. बाकीच्या दोन पट्ट्या बरोबर आहेत, हे त्याने कशावरून ठरवलं ते विचारू नका.

*

चार वाजायला दहा

हॉटेलवाला लवकर आला. टेम्पोत मातीची सहा पोती. उतरताच त्याने टेप काढून होडी मापायला सुरुवात केली.

"तळाला चार भोकं पाडू. पाणी निचरायला हवं ना!"

"भोकं?" वायरमनचा आवाज चिरकला. "चला चला, पाण्यात ढकला आधी!"

दादा एकावर एक दोन लाइफ जॅकेटं चढवून आला. हात अंगाला टेकत नव्हते. त्याला होडीत बसवायला आई मागून रेटत होती.

"दादा, एका हातात सुकाणू धर आणि हा पिवळ्या पट्टीचा दोर. ओढलास की शीड आवळतं, सोडलास की सैल. समजलं?"

"तू कुठे चाललास?"

"निळा काठाला बांधतो आणि आलोच!"

काठावर लोखंडी कडी होती. वायरमनने निळ्या पट्टीचा दोर तिला असा बांधला की हत्तीलाही सुटला नसता. आणि तेवढ्यात वारा आला.

होडी काठापासून सरकली. निळा दोर ताणला गेला. होडी थांबायला हवी होती. त्याऐवजी शीड टरारून आवळलं गेलं आणि होडी एका अंगावर कलली!

"अरे ए! सोड, पिवळा सोड!"

"सोडला!"

होडी आणखी कलली.

"मग ओढ!"

दादाने जिवाच्या आकांताने ओढला. तो दोर होता होडीच्या नाकाला बांधलेला. ज्या होडीत बसला होता तिचंच नाक ओढत होता बिचारा!

"मघापासून ओढतोय! काही होत नाही! मला दोन पोरं आहेत रे!"

"असं कसं होईल? पट्टी बघूनच बांधलंय!"

तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "त्या पट्ट्या होय? लोंबत होत्या मेल्या, म्हणून मी सगळ्या काढून नव्या लावल्या."

"आई! कुठली कशाला?"

"अरे, काळ्या दोरावर निळी दिसतच नव्हती. म्हणून त्याला छान पिवळी लावली. मग पिवळी संपली, तर पांढऱ्याला निळी. नि हिरवट दोराला हिरवीच शोभते की नाही? तूच सांग."

वायरमनच्या डोक्यात फ्यूज उडाला. म्हणजे त्याने होडी काठाला बांधली होती ती शीड आवळायच्या दोराने! होडीत आता पाणी शिरू लागलं होतं. गाठ सुटेना. त्याने पकड काढली आणि दोर कचकन तोडला.

होडी सरळ झाली, गर्रकन वळली आणि दादाला घेऊन निघाली.

"माझी कुंडी!" हॉटेलवाला ओरडला.

*

पुढची पंधरा मिनिटं

काठावर आई एकदा म्हणाली, "जेवला पण नाहीये नीट."

*

तळ्याच्या मध्यावर दादाच्या हाताला ते तुटलेलं टोक लागलं. त्याने ते ओढलं. शीड आवळलं, होडीने वेग घेतला. सैल सोडलं, ती थबकली. पुन्हा ओढलं.

लांबून आवाज आला.

"रडतोय का रे?" आईने विचारलं.

वायरमनने कानावर हात ठेवून ऐकलं. दादा हसत होता! चष्म्याच्या दुकानात पंचवीस वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं असं, खो खो.

होडी भलंमोठं वळण घेऊन परत आली आणि काठावर आपटली. दादा चिंब भिजला होता. एक जॅकेट वाहून गेलं होतं.

"होडी विकायची नाही!" त्याने जाहीर केलं.

"अहो, पण माती—" हॉटेलवाला म्हणाला.

"ती तुमच्या लॉनवर टाका!"

वायरमनला भरून आलं. बाबांची होडी वाचली होती! त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि एक पाय होडीत टाकला.

"तू कुठे?" दादाने विचारलं. "दोघांचीच जागा आहे. आई, ये."

आई पदर खोचून केव्हाच तयार होती.

तेव्हापासून दर रविवारी वायरमन दुपारी दोनला होडी जोडतो, चारला काठावरून ढकलतो आणि सहाला दोर वाळत घालतो. परवा त्याने हळूच विचारलं, "दादा, मी कधी?"

"अरे, तू बसलास तर जोडणार कोण?" दादा म्हणाला. मग त्याला दया आली असावी. "बरं, बघू पुढच्या महिन्यात. पुढचे तीन रविवार हॉटेलवाल्याला दिलेत."