जावईबापूंचं गुरुवारचं प्रवचन

कुलूपवाल्याच्या पोटात गेलेली गोष्ट तो मेला तरी बाहेर पडत नाही, असं कोण म्हणतं? स्वतः कुलूपवालाच! "अहो, निम्म्या शहराच्या तिजोऱ्या या हातांनी उघडल्यात. कधी कुणाला बोललो?" असं तो दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. आणि मग कुणाच्या तिजोरीत काय निघालं, तेही सांगायचा.

अशा माणसाला बंधुमंडळानं आत कसं घेतलं, देव जाणे! मंडळ भलतंच गुप्त. फर्निचरच्या दुकानावरच्या मजल्यावर दर गुरुवारी संध्याकाळी बंधू जमायचे, पांढरे ॲप्रन बांधायचे, गवंड्याची हत्यारं टेबलावर मांडायचे आणि माणसानं सरळ कसं जगावं यावर बोलायचे. आतलं बाहेर सांगायचं नाही, अशी धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ. बायकोला नाही, भावाला नाही. सासूला तर नाहीच नाही!

आता नेमकी सासूच घरात राहायला. बाई देवभोळी आणि जिभेनं तिखट. "देवाचं नाव घेताना कधी दिसत नाहीत तुझे हे," असं लेकीला ती अकरा वर्षं ऐकवत होती, तेही जावयाच्या समोर. पहिल्याच गुरुवारी तिनं विचारलं, "कुठं निघाली स्वारी?"

"प्रवचनाला!" कुलूपवाल्याच्या तोंडून निघून गेलं.

झालं! त्या एका शब्दानं घर पालटलं. खिडकीजवळची गादीची खुर्ची जावयाला मिळाली. चहाचा पहिला कप जावयाला. 'तुझे हे' जाऊन 'जावईबापू' आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुलूपवाला स्वतःच्या घरात ताठ मानेनं जेवू लागला. हे खोटं उघडं पडलं असतं तर खुर्ची गेली असतीच, शिवाय उरलेला जन्म 'मी म्हटलं नव्हतं?' ऐकण्यात गेला असता.

पण सासूबाई प्रश्न विचारायच्या ना! "आज काय सांगितलं प्रवचनात?" मग काय, कुलूपवाला दर गुरुवारी मंडळात ऐकलेलंच घरी आणून ओतायचा. "प्रवचनकार म्हणाले, भिंतीला जसा ओळंबा, तसा माणसाला देव. तिरकं बांधलंत की कधी ना कधी कोसळणारच!" शपथ मोडली असं त्याला मुळीच वाटायचं नाही. मंडळाचं नाव कुठं घेतलं होतं? सासूबाई मात्र डोळे टिपायच्या आणि दुसऱ्या दिवशी तेच शेजारणींना पदरचं तिखटमीठ लावून सांगायच्या.

असे सात गुरुवार गेले. आठव्या गुरुवारी बाहेरच्या दारावर पहारा द्यायची पाळी कुलूपवाल्याची होती. पहाऱ्याचे नियम कडक. हातात तलवार, कमरेला ॲप्रन. जागा सोडायची नाही. परकं माणूस दिसलं तर दारावर एक टकटक, म्हणजे आतले सगळे चिडीचूप. नवा उमेदवार आला तर तीन. त्या दिवशी एक उमेदवार यायचाच होता, आतमध्ये त्याची वाट बघणं चाललं होतं.

कुलूपवाला तलवार धरून ऐटीत उभा राहिला. आणि जिन्यावर पावलं वाजली. एक-दोन नव्हे, चांगली बारा माणसांची!

"हळू गं, कठडा धरा," असं कुणीतरी म्हणालं. तो आवाज ऐकला आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. छत्री टेकत सासूबाई वर येत होत्या, आणि मागं अकरा शेजारणी!

"जावईबापू! तुम्ही तर वाट दाखवायला दारातच उभे! आणि ही तलवार कशाला?"

"अं... चपला चोरीला जातात."

"बघा गं, केवढी ही सेवा!" सासूबाई मैत्रिणींकडे वळल्या. "सरका, आम्हाला बसू द्या. तुमच्या मागोमाग आलो म्हणून तर ही जागा सापडली."

"आई, आज नको! आज... आज प्रवचनकारांचा घसा बसलाय!"

"मग काढा देऊ की," असं म्हणून सासूबाईंनी छत्रीच्या मुठीनं दार ठोठावलं. चारचौघं ठोठावतात तसंच. टक, टक, टक!

कुलूपवाल्यानं डोळेच मिटले.

आतला पहारेकरी टपाल कचेरीतला कारकून. बत्तीस वर्षं खिडकीमागं काढलेली. कागद बरोबर असला की शिक्का मारायचा, समोर माणूस आहे की म्हैस ते बघायचं नाही! दार न उघडताच त्यानं ठरलेले प्रश्न सुरू केले.

"कोण आहे?"

"एक म्हातारा जीव आहे बाबा! गुडघे दुखतायत, लवकर उघड."

"देवाला मानता का?"

"साठ वर्षं मानतेय! तू मानतोस का ते सांग आधी!"

"स्वतःच्या मर्जीनं आलात, की कुणी भरीस घातलं?"

"माझ्या जावयाच्या पुण्याईनं आले!"

तिन्ही उत्तरं आली. कारकुनानं खाडकन दार उघडलं.

आत पंधरा बाप्ये, पांढऱ्या ॲप्रनमध्ये, गळ्यात निळे पट्टे. मधोमध उंच खुर्चीवर मुख्य बंधू, म्हणजे दातांचा डॉक्टर. त्याच्या हातात हातभर लांबीचा कंपास.

शेजारणींच्या घोळक्यातून एक किंकाळी आली. "अहो! तुम्ही दवाखान्यात अक्कलदाढ काढताय ना?"

ती डॉक्टरची बायको! डॉक्टर पांढराफटक पडला. पण माणूस मुरलेला. रोज रडणाऱ्या पेशंटना 'काही दुखणार नाही' म्हणून सांगायची सवय. त्यानं कंपास मागं लपवला आणि हात जोडले.

"या, या! दाढ उरकून थेट प्रवचनालाच आलो! आता सुरूच होतंय."

"आणि प्रवचनकार कुठंयत?" सासूबाईंनी विचारलं.

डॉक्टरनं खोलीभर नजर फिरवली. एकेक बंधू खाली बघू लागला. शेवटी त्याचं बोट दाराकडे गेलं. "हे काय, तुमच्यासमोरच उभे आहेत की!"

सासूबाईंनी जावयाकडे बघितलं. छत्री हातातून गळून पडली. "म्हणजे... 'प्रवचनकार म्हणाले, प्रवचनकार म्हणाले' ते सगळं तुमचं स्वतःचं? आणि एका शब्दानं बोलला नाहीत!"

कुलूपवाल्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं. नाही म्हणावं तर खुर्ची, चहा, मान, सगळंच जाणार! तो तलवारीसकट उंच खुर्चीवर जाऊन बसला. घसा खाकरला आणि सुरुवात केली, "आपलं मन म्हणजे एक कुलूप..." पुढं पाऊण तास तो काय बोलला, त्याचं त्यालाच ठाऊक नाही. पण बायका मुसमुसल्या. सासूबाईंनी तर भर सभेत जावयाला वाकून नमस्कार केला, आणि त्या क्षणी त्याचं मन खरोखर भरून आलं.

आता दर गुरुवारी खाली फर्निचरच्या दुकानात, विक्रीच्या खुर्च्यांवर चाळीस बायका बसतात आणि कुलूपवाला प्रवचन देतो. बंधूंच्या बायका पहिल्या रांगेत. बंधू वरच्या मजल्यावर बिनघोर. कुलूपवाल्याला मात्र वर जायला सवड म्हणून होत नाही.

परवा जिन्याखाली डॉक्टर भेटला तेव्हा कुलूपवाल्यानं दबक्या आवाजात विचारलंच, "काय हो, हल्ली वर काय चाललंय?"

डॉक्टरनं इकडंतिकडं बघितलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"माफ करा हं, महाराज. बाहेरच्या माणसाला सांगता येत नाही!"