सूर्यावरचा माड

हिवाळ्यात माझं मन कधी खचत नाही. ही फुशारकी आहे हे मला मान्य आहे, पण खरी फुशारकी आहे. पार उत्तरेकडच्या आमच्या स्केरविक गावात नोव्हेंबरच्या मध्याला सूर्य दक्षिणेच्या डोंगरामागे जातो, तो थेट जानेवारीच्या सत्तावीस तारखेला तोंड दाखवतो. मधले दहा आठवडे दुपारी जेमतेम निळसर उजेड असतो, एरवी तोही नाही. लोक आपापल्या परीने तग धरतात. कोणी मोजे विणतं, कोणी माशाचं तेल पितं, कोणी भावाशी झालेलं वीस वर्षांपूर्वीचं भांडण उकरून काढतं, तेवढीच ऊब. मी मात्र यंदा योजना आखली होती.

ती मी गरम पाण्याच्या कुंडात जाहीर केली. कामाला जायच्या आधी अर्धं गाव तिथे गळ्यापर्यंत बुडून बसलेलं असतं. वरून बर्फ पडत असतो आणि खाली गावातल्या सगळ्या बातम्या उकळत असतात.

"यंदा मी सूर्य घरीच आणणार आहे," मी म्हणालो.

"पिशवीत घालून का?" आउस्गेरने विचारलं. तो शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे त्याला दुसऱ्याची कल्पना ऐकली की खोकला येतो.

मी सांगितलं. बंदरावर मी मासे तोलायचं काम करतो. तिथे एक जुनी बोट मोडीत निघाली होती आणि तिच्या डेकवरचा मोठा दिवा मला मिळाला होता. तो माळ्यावर लावायचा, काचेवर पिवळा कागद चिकटवायचा, समोर आरामखुर्ची टाकायची आणि रोज तासभर ऊन खायचं.

"तुझ्या बायकोला माहीत आहे?" आउस्गेर म्हणाला.

"सांगणार आहे," मी म्हणालो. माझी बायको उन्नूर गावातलं एकुलतं एक दुकान चालवते. ती माळ्यावर कधी फिरकत नाही, म्हणून सांगायची घाई नव्हती.

सगळे हसले, फक्त बेर्गुर हसला नाही. तो कोपऱ्यात वाफेकडे बघत बसला होता. बेर्गुर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, एकेकाळचा बोटीचा कप्तान, माझ्या घराच्या खालच्याच अंगाला राहतो. गावात सूर्याचा पहिला किरण पडतो तो त्याच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर. तो पडला की बेर्गुर दुकानात फोन करतो, दुकान गावाला सांगतं आणि घरोघरी सूर्यकॉफीची धांदल उडते. कॉफी आणि पातळ गोड धिरडी, आत मुरांबा आणि फेटलेली साय. एक्केचाळीस वर्षं हेच चाललं होतं. बेर्गुर फोन करायचा आणि त्याची बायको सोल्वेग खिळ्यावरचा तवा काढायची. सोल्वेग सप्टेंबरमध्ये गेली.

"बेर्गुर, सहा दिवस राहिले. फोन करशील ना?" मी विचारलं.

"यंदा दुसऱ्या कोणाला तरी सांगा," तो म्हणाला आणि कुंडातून उठून गेला.

सगळ्यांच्या मनात एकच धास्ती होती, की हा माणूस एकदा दार लावून बसला तर पुन्हा उघडायचा नाही. मलाही फार वाईट वाटलं. पण मी मन न खचणारा माणूस असल्यामुळे कामाला दांडी मारून सरळ घरी जाऊन दिवा जोडायला घेतला.

अकराच्या सुमारास माझा समुद्रकिनारा तयार झाला. खुर्ची होती, काळा चष्मा होता, अर्धी चड्डी होती आणि वातावरणनिर्मितीसाठी मागवलेला माणसाएवढा प्लास्टिकचा माड होता. दिवा लावला आणि माळा असा उजळला की मागच्या भिंतीवरची कोळिष्टकंसुद्धा सोन्याची वाटायला लागली. पाच मिनिटं मी स्वर्गात होतो. सहाव्या मिनिटाला नाक भाजायला लागलं, म्हणून मी दिव्याचं तोंड जरा खिडकीकडे वळवलं आणि माड त्याच्या पुढ्यात सरकवला. मग डुलकी लागली.

जाग आली ती फोनने. उन्नूर होती.

"सिग्वाल्दी, सूर्य आला!"

"कुठे?"

"बेर्गुरच्या भिंतीवर. त्याने स्वतः फोन केला. इथे अंडी संपत आली आहेत, लोक मला ओरबाडतायत. तू जा आणि बघ काय आहे ते."

सहा दिवस आधी? मी अर्ध्या चड्डीवर कोट चढवला, बूट घातले आणि धावत सुटलो. दिवा, माड, काही म्हणता काही डोक्यात आलं नाही. मला खरोखर उत्सुकता होती. आयुष्यात सूर्य कधी लवकर आलेला पाहिला नव्हता.

बेर्गुरच्या स्वयंपाकघरात आधीच आठ-दहा जण जमले होते. भिंतीवर खरंच उन्हाचा एक पिवळाधमक तुकडा पडला होता, बरोबर तव्याच्या खिळ्यापाशी. खिळा मात्र रिकामा होता. तवा चुलीवर होता आणि बेर्गुर कमरेला सोल्वेगचा फुलाफुलांचा एप्रन बांधून पीठ ढवळत होता.

"खिडकीकडे पाठ करा सगळ्यांनी," तो म्हणाला. "दहा आठवड्यांनी आलेल्या सूर्याकडे डोळे वर करून बघायचं नाही. भिंतीवर बघायचं. सोल्वेगचा नियम आहे."

आम्ही आज्ञाधारकपणे भिंतीकडे बघत उभे राहिलो. आउस्गेर हातातल्या घड्याळाकडे बघत होता.

"पंचवीस मिनिटं झाली," तो पुटपुटला. "पहिल्या दिवशी सूर्य चार मिनिटांच्या वर थांबत नाही. आणि हा जागचा हलतही नाही."

"यंदा बसायलाच आला असेल," मी म्हणालो.

"डोंगराचा माथा कोसळला असेल," मागून कोणीतरी म्हणालं.

"कोसळला असता तर आवाज आला असता."

"मी झोपलो होतो," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

"पण मला एक सांगा," आउस्गेर भिंतीजवळ जात म्हणाला, "ही सावली कसली?"

उन्हाच्या तुकड्याच्या मधोमध एक सावली होती. खाली बारीक खोड, वर लांब लांब झावळ्या. आमच्या डोंगरावर गुडघ्याच्या वर वाढणारं झाड नाही. सगळे वाकून वाकून बघायला लागले. कोणी म्हणालं बर्फाचा सुळका, कोणी म्हणालं नवीन अँटेना. मी नीट निरखून पाहिलं. तिसऱ्या झावळीचं टोक मोडलेलं होतं. ते माळ्याच्या दारात मीच मोडलं होतं.

आता काय करावं? खरं सांगावं, तर बेर्गुर एप्रन काढणार, तवा खिळ्याला लावणार आणि पुन्हा दार लावून घेणार. शिवाय एक्केचाळीस वर्षं न चुकलेला माणूस माझ्या डेकच्या दिव्याला फसला हे गावभर होणार. मी हळूच दाराकडे सरकलो.

"सिग्वाल्दी, कुठे निघालास? ही साय फेट," बेर्गुर म्हणाला आणि त्याने भांडं माझ्या हातात दिलं.

त्याला धिरडी येत नव्हती. एक्केचाळीस वर्षं त्याने फक्त फोन केला होता. पहिलं धिरडं तव्याला चिकटलं, दुसऱ्याचा तुकडा छताला लागला, तिसरं बुटाच्या तळव्याएवढं जाड झालं. पण तो ते उलटताना तोंडाने काहीतरी गुणगुणत होता. सप्टेंबरपासून त्याच्या तोंडून आम्ही "हं" च्या पलीकडे फारसं काही ऐकलं नव्हतं. मला भरून आलं आणि मी साय गरजेपेक्षा जास्त फेटली.

संधी मिळताच भांडं आउस्गेरला देऊन मी न्हाणीघरात गेलो आणि उन्नूरला फोन लावला.

"घरी जा आणि माळ्यावरचा दिवा बंद कर," मी कुजबुजलो.

"माळ्यावर कसला दिवा?"

"सूर्य."

पलीकडे गल्ल्याचा खण धाडकन बंद झाला. पंधरा वर्षांच्या संसारात अशा आवाजांचे अर्थ मला पाठ झाले आहेत.

"दुकानात माणसं रांगेत उभी आहेत," ती सावकाश म्हणाली. "तुझ्या सूर्यासाठी मी दुकान बंद करू?"

"बेर्गुर गुणगुणतोय गं."

"निघाले," ती म्हणाली.

मी परत येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. पाच मिनिटं गेली. मग उन्हात माडाशेजारी दुसरी सावली उगवली. आधी लोकरीच्या टोपीचा गोंडा दिसला, मग डोकं, मग दोन्ही हात कमरेवर. सावलीने माडाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. एक झावळी दोन बोटांत धरून हलवून पाहिली. मग माझी खुर्ची उजेडात ओढली असावी, कारण ती खाली बसली. तिला तिथे छान ऊब लागली असणार, कारण तिने टोपी काढली, पाय लांब केले आणि नाक खाजवलं.

त्या गोंड्याची टोपी गावात एकच आहे आणि ती रोज दुकानाच्या गल्ल्यावर बसते. सगळ्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग कोटाखालच्या माझ्या उघड्या पोटऱ्यांकडे. बेर्गुरची पाठ आमच्याकडे होती. तो चौथं धिरडं उलटत होता आणि हे साधलं होतं, पातळ आणि सोनेरी.

आउस्गेरने तोंड उघडलं. विज्ञान शिकवणारा माणूस, आता सत्य बोलणार.

"ढग," तो म्हणाला. "मधूनमधून ढग येतायत."

"हो, येतात असे," बाकीचे घाईघाईने म्हणाले.

तेवढ्यात सावली उठली, हात लांब झाला आणि ऊन फटकन विझलं.

"गेला का?" बेर्गुरने न वळता विचारलं. "किती वेळ होता?"

आउस्गेरने घड्याळ बाहीत सारलं. "चार मिनिटं."

"नेहमीसारखाच," बेर्गुर म्हणाला आणि त्याने ताट आमच्यापुढे ठेवलं.

आम्ही ती धिरडी खाल्ली. जाडंसुद्धा खाल्लं, छताला लागलेला तुकडासुद्धा. नंतर उन्नूर आली, बेर्गुरच्या गालाला गाल लावून भेटली आणि माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. दिव्याबद्दल कुंडात कोणी चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

सत्तावीस तारखेला बर्फाचं वादळ आलं आणि आठवडाभर हटलं नाही. खरा सूर्य आला की गेला, कोणालाच कळलं नाही. तीन फेब्रुवारीला आभाळ मोकळं झालं. मी बंदरावर काट्यापाशी होतो तेव्हा फोन वाजला.

"सिग्वाल्दी," बेर्गुर म्हणाला, "तुझा दिवा बंद आहे ना?"

"कसला दिवा?"

"माडवाला."

मी एक मोठा मासा काट्यावर तसाच सोडून खाली बसलो. "बंद आहे. बेर्गुर, तुला कधी कळलं?"

"आल्या आल्या. सूर्य डावीकडून येतो, तो उजवीकडून आला. मी कप्तान होतो, सिग्वाल्दी."

"मग दुकानात फोन का केलास?"

"उजेड नेमका तव्यावर पडला. त्या कोपऱ्याकडे मी सप्टेंबरपासून पाहिलं नव्हतं. तव्यावर धूळ होती रे. सोल्वेगने मला घराबाहेर काढलं असतं." मग घसा खाकरून म्हणाला, "आता डावीकडून आलाय. दुकानात कळवलंय. अंडी आण. आणि तो माड आण, बिचाऱ्याने अजून खरं ऊन पाहिलेलं नाही."

मी घरून माड काखेत मारला आणि पळालो. रस्त्याने सगळं गाव बेर्गुरच्या घराकडे चाललं होतं. मी सगळ्यांच्या आधी पोचलो, माड घेऊन खिडकीपाशी उभा राहिलो आणि चार शब्द बोलावेत म्हणून घसा साफ केला. शेवटी यंदाचा हिवाळा गावाला कोणी तारून नेला होता?

"सिग्वाल्दी," बेर्गुर तव्यावरून डोळे न काढता म्हणाला, "चारच मिनिटं असतो तो. बाजूला हो, उन्हात उभा आहेस."