साठ माळा, एक तळं

एका जंगलात दर पावसाळ्यात प्राणी पिवळे पडायचे, बरं का बाळांनो.

आधी डोळे पिवळे व्हायचे, मग नखं. मग जेवणाचा नुसता वास आला तरी ओकारी. माकडं फांदीवरून उतरून खाली बसायची. रानडुकरांना चिखल बघूनही लोळावंसं वाटायचं नाही. वाघालाही एकदा ही कावीळ झाली होती म्हणतात. पण वाघ मुळातच पिवळा. खात्री करायला जवळ कोण जाणार?

बहुतेक जण महिना-दीड महिन्यात आपोआप बरे व्हायचे. काही मात्र व्हायचे नाहीत. आणि पोटुशी मादी पिवळी पडली, की तिच्या घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. मागच्या पावसाळ्यात अशा दोघी गेल्या होत्या.

जंगलात यावर एकच औषध होतं. तानूआत्याची माळ. तानूआत्या म्हणजे एक म्हातारी घोरपड. ती एका वेलीच्या ओल्या काड्या गाठींमध्ये ओवून माळ करायची आणि येईल त्याच्या गळ्यात घालायची. माळ दिवसेंदिवस लांब व्हायची. माळ लांबली की कावीळ उतरली, असं सगळे मानत. झाली असेल त्यानेही घालायची, होऊ नये असं वाटेल त्यानेही घालायची. आत्या बदल्यात काही घेत नसे. फक्त बजावायची.

"माळ गळ्यात आहे तोवर पाणी वरच्या झऱ्याचंच प्यायचं. खालच्या तळ्याला तोंड लावलंस तर माळ रुसेल हो!"

अशा या जंगलात ओजस परत आला.

ओजस हे एक तरुण साळिंदर होतं. नदीपलीकडच्या विद्यापीठात पाच वर्षं तो फक्त यकृत शिकला होता. त्याच्यासमोर कोणी "माझं काळीज दुखतंय" म्हणालं, की तो आधी शब्द दुरुस्त करायचा आणि मग चौकशी करायचा. त्याला या माळेचा फार राग होता. राग खोटा नव्हता. त्याच्या मामाला कावीळ झाली, तेव्हा मामा वर्षभर माळ घालून हिंडला. माळ गुडघ्यापर्यंत आली आणि मामा गेला.

ओजसने जांभळाच्या झाडाखाली सभा घेतली.

"मित्रांनो, ही फसवणूक आहे! काड्या ओल्या असतात. त्या वाळतात, आकसतात. मग गाठी सैल होतात आणि माळ लांबते. यात कावीळ कुठे आली?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. दगडू नावाचं एक रानडुक्कर तर भारावून गेलं.

"वा! म्हणजे कावीळ आधी काड्यांत उतरते आणि मग तिथे वाळते. आम्हाला हे इतकं नीट कोणी सांगितलंच नव्हतं."

ओजसच्या पाठीवरचे काटे उभे राहिले. नुसतं सांगून उपयोग नाही, हे त्याला कळलं. पुरावा हवा. आकड्यांचा पुरावा!

बाळांनो, पुरावा गोळा करायला आधी परवानगी लागते. जंगलाची एक नीती-समिती होती. तिच्यात वाघ होता, मगर होती आणि दुर्बळांचा प्रतिनिधी म्हणून एक ससा होता. ओजसचा प्रस्ताव तीन बैठकांत मंजूर झाला. दुसऱ्या बैठकीपासून ससा दिसला नाही. त्यामुळे मंजुरी एकमताने मिळाली.

प्रस्ताव असा होता. धडधाकट साठ प्राणी घ्यायचे. तिघांना आत्याची माळ, तिघांना खोटी, म्हणजे आधीच वाळलेल्या काड्यांची माळ, असं करत तीस-तीस करायचे. कोणाला खरी मिळाली, कोणाला खोटी, ते कोणालाच सांगायचं नाही. मग पावसाळाभर बघायचं, की कोण पिवळं पडतं.

आत्याने विनातक्रार तीस माळा करून दिल्या. "तपास बाबा, हवं तितकं तपास."

"आणि आत्या, सगळ्यांचं पाणी एकच हवं," ओजस म्हणाला. "निम्मे झऱ्यावर, निम्मे तळ्यावर, असं झालं तर सगळा गोंधळ होईल. झऱ्याची धार करंगळीएवढी. तिथे साठ जणांची सोय व्हायची नाही. तेव्हा सगळ्यांनी तळ्यावर प्यायचं."

आत्याची जीभ आत गेली ती बाहेर येईना. घोरपडीच्या बाबतीत ही गंभीर गोष्ट असते.

"अरे, माळ तपास की. झरा का सोडवतोस?"

"एका वेळी एकच गोष्ट तपासायची असते, आत्या. ही शास्त्राची शिस्त आहे."

"पाऊस पडला की वरच्या उतारावरची सगळी घाण तळ्यात येते रे."

"मलाही तळ्याचा संशय आहे," ओजस म्हणाला. तो प्रामाणिक होता. "पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. तळ्याचा विषय मी पुढच्या वर्षासाठी ठेवलाय."

एकोणसाठ प्राणी मिळाले. साठावा मिळेना. मग ओजस शेवंताकडे गेला.

शेवंता ही भेकरीण, छोट्या हरणांच्या जातीतली. ती आणि ओजस एकाच करवंदीच्या जाळीत लहानाचे मोठे झालेले. तिला पहिल्यांदाच दिवस गेले होते.

"ओज्या, बरं झालं आलास," ती म्हणाली. "तू एवढा शिकलास. एक सांग. माझ्या पोटात बाळ आहे. मी पाणी कुठलं पिऊ?"

"फार चांगला प्रश्न आहे," ओजस म्हणाला. "याचं उत्तर आज कोणाकडेच नाही. पुढच्या वर्षी नक्की मिळेल."

"बाळ थांबेल का पुढच्या वर्षापर्यंत?"

ओजसने हे वहीत लिहून घेतलं नाही. त्याने पळसाच्या चौदा पानांवर लिहिलेलं संमतिपत्र पुढे केलं. "तू आलीस तर साठ पूर्ण होतात. फक्त एक पावसाळा तळ्यावर पी. विज्ञानासाठी, शेवंता! पुढच्या सगळ्या पिढ्यांसाठी!"

शेवंताने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे कसे चमकत होते! लहानपणी तो असाच चमकत्या डोळ्यांनी मधाच्या पोळ्यात तोंड घालायचा. त्याला नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं. तिने खूर टेकवला.

पावसाळा सुरू झाला.

ओजस राबराब राबला. रोज सकाळी साठ घरी जायचं. पापणी खाली ओढून डोळे बघायचे. नखं बघायची. मग विचारायचं, "काल पाणी कुठलं प्यालात?" उत्तर यायचं, "तळ्याचं." तो लिहायचा, तळ्याचं.

एक अडचण मात्र त्याच्या लक्षात आली नव्हती. खऱ्या माळा लांबू लागल्या. खोट्या होत्या तेवढ्याच राहिल्या. आता सगळ्यांना फरक कळणार! मग ओजस रोज दुपारी, प्राणी वामकुक्षी घेत असताना, हळूच जाऊन तीस खोट्या माळा थोड्या थोड्या सैल करायचा. माळ म्हणजे थोतांड हे सिद्ध करण्यासाठी त्याने पावसाळाभर जेवढ्या माळा लांबवल्या, तेवढ्या आत्याने जन्मात लांबवल्या नसतील.

दगडू आठव्या आठवड्यात पिवळा पडला. ओजसने त्याची नोंद केली. मग माकडीण, मग दोन साळुंक्या, मग मुंगूस. ओजसला वाईट वाटायचं. तो त्यांच्यापाशी बसायचा, कपाळावर पंजा ठेवायचा. पण वहीतला रकाना भरला, की त्याला जरासं बरंही वाटायचं. ते त्याला स्वतःलाच आवडत नसे.

पावसाळा संपला. जांभळाखाली पुन्हा सभा भरली. ओजस उंच दगडावर चढला.

"खऱ्या माळेच्या तिसांपैकी चौदा जण आजारी पडले. खोट्या माळेच्या तिसांपैकीही चौदाच! माळेचा उपयोग शून्य!"

टाळ्या पडल्या. आत्याही वाजवत होती. ओजसने पान उलटलं.

"आणखी एक महत्त्वाची नोंद. आपल्या शेवंताने गरोदर असूनही पावसाळाभर तळ्याचं पाणी प्यायलं. तिला कावीळ झाली नाही. बाळ सुखरूप आहे. म्हणजे तळ्याचं पाणी पोटुशींना निर्धोक असावं, असे संकेत मिळतात."

"अगंबाई, सुटले!" मागून एक पोटुशी नीलगाय म्हणाली. "झरा चढून चढून माझा जीव निघतो. आजपासून तळ्यावरच जाते."

तेव्हा शेवंता उठली. तिचं पाडस तिच्या पोटाखाली लुचत होतं. ते सुटून धडपडलं.

"जाऊ नको गं," ती म्हणाली. "ओज्या, मी तळ्याचं पाणी प्यालेच नाही. एक दिवसही नाही."

साऱ्या माना ओजसकडे वळल्या.

"म्हणजे?" ओजस वही चाळू लागला. "मी रोज विचारत होतो! तू रोज तळ्याचं म्हणत होतीस!"

"तू इतक्या आशेने विचारायचास. तुझं मन कसं मोडू? आणि तुझं ऐकून बाळ कसं घालवू? म्हणून तुला तळं सांगायचे आणि पहाटे झऱ्यावर जायचे."

"तू माझा अख्खा अभ्यास बिघडवलास!"

"हो रे. बाळ मात्र नाही बिघडलं."

ओजस साठांकडे वळला. "आणखी कोण कोण खोटं बोललं? खरं सांगा!"

आधी एक पंजा वर आला. मग तीन. मग एक शेपटी. मोजले तर शेवंता धरून सत्तावीस. सगळे आत्याला घाबरून झऱ्यावर जायचे आणि ओजसला घाबरून तळं सांगायचे. सत्तावीसच्या सत्तावीस ठणठणीत होते. उरले तेहतीस. त्यांनी इमानाने तळ्याचं पाणी प्यायलं होतं. त्यातले अठ्ठावीस पिवळे.

"मी एकदाही चुकलो नाही हं," दगडू क्षीण आवाजात म्हणाला. "तहान नसली तरी प्यायचो."

ओजसला त्याच्याकडे बघवेना. म्हणून तो सत्तावीस जणांवरच ओरडला. "लबाडांनो! विज्ञान विश्वासावर चालतं! मी स्वतः पावसाळाभर तळ्याचं पाणी प्यालो. जे तुम्हाला सांगितलं, तेच मी केलं. याला म्हणतात तत्त्व!"

शेवंता जवळ आली. तिने नाकाने त्याची पापणी खाली ओढली, अगदी तो ओढायचा तशी.

"ओज्या," ती म्हणाली, "साठ जणांचे डोळे बघितलेस. तुझे कोणी बघितले?"

ते हळदीसारखे होते. गेला आठवडाभर त्याला अन्न जात नव्हतं. त्याला वाटलं होतं, निष्कर्षाची धाकधूक असेल.

आत्या सरपटत आली. तोंडातली ओली माळ तिने ओजसपुढे ठेवली.

"याचा उपयोग शून्य आहे, आत्या," तो पुटपुटला. "मी सिद्ध केलंय."

"ठाऊक आहे मला. तुझ्याआधी चाळीस वर्षं ठाऊक आहे."

"मग कशाला घालतेस सगळ्यांना?"

"नुसतं म्हटलं, की चढण चढून झऱ्याचं पाणी प्या, तर कोण ऐकतं? माळ गळ्यात असली, की आठवण राहते. भीती राहते."

"आणि माझा मामा? तो वर्षभर झऱ्याचंच प्यायचा."

आत्याने माळेची एक गाठ नीट केली. "मामाची कावीळ वेगळी होती रे. ती पाण्याची नसते. रक्तातच घर करते आणि वर्षानुवर्षं आतून पोखरते. तिच्यावर मला काही येत नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं, नदीपलीकडे जा म्हणून. पण मला येत नाही, असं म्हणायची सवय नव्हती."

"मलाही नाही," ओजस म्हणाला. आणि त्याने मान पुढे केली.

झऱ्याजवळच्या कपारीत तो महिनाभर पडून राहिला. पडल्या पडल्या त्याने निबंध लिहिला. विद्यापीठातल्या त्याच्या गुरूंनी, म्हणजे एका वयस्कर बगळ्याने, निरोप पाठवला. खोटं बोललेले सत्तावीस वगळ, म्हणजे निबंध निर्मळ होईल आणि लगेच छापू. ओजसने विचार केला. सत्तावीस वगळले तर निबंध छापून येत होता. ठेवले तर तळ्याचं बिंग फुटत होतं. त्याने सत्तावीस ठेवले. एवढंच नव्हे, एकसष्टावा प्राणी म्हणून स्वतःचीही नोंद केली. निबंध परत आला. वर शेरा होता: "नमुन्यातील प्राणी असत्यवचनी. लेखक पिवळा. निष्पक्षतेबद्दल शंका."

तोच निबंध ओजसने नीती-समितीपुढेही ठेवला आणि तळ्याला कुंपण घालायची विनंती केली. खोटारड्यांच्या साक्षीवर तळं कसं बंद करायचं, असा प्रश्न मगरीने विचारला. मगर तळ्यातच राहायची.

पण गंमत बघा. पुढच्या पावसाळ्यात कुंपण नसतानाही तळ्यावर कोणी फिरकलं नाही. निबंध जंगलात कोणीच वाचला नव्हता. साठ प्राण्यांचे आकडे कोणाला आठवत नव्हते. मात्र एवढा शिकलेला ओजस ते पाणी पिऊन पिवळाजर्द झाला, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आया आपल्या पिल्लांना त्याच्यासमोर आणून उभ्या करायच्या. "बघ, तळ्याला तोंड लावलंस तर असा होशील."

ओजस निमूटपणे डोळे मोठे करून दाखवायचा. तोवर ते पांढरे झाले होते. पण तेवढ्यासाठी तो पापण्यांना रानहळद चोळून घ्यायचा.

तात्पर्य: संशोधकाला नेहमी खरं सांगावं. मात्र आधी स्वच्छ पाणी प्यावं, म्हणजे खरं सांगायला आपण शिल्लक राहतो.